दुसऱ्या हाताच्या आधी

रविवारी सकाळी साडेआठला आबा शेडमध्ये आले. चपला दाराबाहेर काढल्या, भिंतीला हात लावत लावत आत आले आणि उपड्या ठेवलेल्या नावेपाशी थांबले. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. पण खरं सांगायचं तर ते हल्ली डोळ्यांवर फारसे विसंबतच नाहीत. त्यांनी तळवा नावेच्या बुडावर ठेवला, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि सावकाश मागे मागे नेला. मग अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घासली. म्हणाले, "मेण लागलंय ह्याला. धुतलंस न्हवं?" मी हातमोजे चढवत होते. वर न बघताच मी म्हणाले, "व्हय आबा, धुतलं की." त्यांनी हात लेंग्याला पुसला, "बरं" म्हणाले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले.

मी धुतलं नव्हतं.

एवढीच गोष्ट. तिला आता वर्ष होत आलं, तरी कुठंही काही घासताना, अगदी ओट्यावर तवा घासतानासुद्धा, ती आठवते. त्या दिवशी मला घाई होती. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३५ फुटांवर होतं आणि चढत होतं. जुलै लागला की आमच्याकडं कोल्हापुरात माणूस भेटल्यावर पहिला प्रश्न पाणी किती फुटावर हाच असतो. ३९ म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे पोराटोरांनाही पाढ्यासारखं पाठ असतं. नदीकाठच्या चिखलीहून मामाचा फोन येऊन गेला होता, "नाव कुठवर आली गं?" मी आठवडाभर गोकुळ शिरगावला कंपनीत इन्स्पेक्शनला असते, हाताशी फक्त रविवार. म्हणून शनिवारी संध्याकाळी सातला इपॉक्सीचा, म्हणजे दोन द्रव मिसळून लावायच्या आणि लाकडावर कडक होणाऱ्या लेपाचा, पहिला हात देऊन ठेवला. बेत असा होता की रात्री अकराच्या सुमाराला उठायचं आणि तो थर अजून चिकट असतानाच वर दुसरा हात द्यायचा. थर बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, नखाची खूण सहज उमटते, अशी त्याची एक वेळ असते. त्या वेळेत दुसरा हात पडला तर दोन्ही थर आतून रसायनानंच एकमेकांत गुंततात, घासायचीसुद्धा गरज राहत नाही. पण मी जेवून जरा आडवी झाले ती थेट सहाला उठले. पहाटे शेड उघडून बघितलं तर नख उमटत नव्हतं. नाव काचेसारखी चमकत होती.

वेळ टळली की नियम बदलतो. आधी धुवायचं, मग घासायचं, मग पुसायचं, आणि मगच पुढचा हात. धुणं अर्ध्या तासाचं काम, पण आमच्या पावसाळ्यात ते वाळायला दुपार झाली असती. भिंतीवरचं दमटपणा मोजायचं यंत्र ९१ दाखवत होतं. मी नावेकडं बघितलं. तिच्यावर धूळ नव्हती, डाग नव्हता. धुवायचं काय, असं वाटलं. १२० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन वरवर फिरवला. पेपर लगेच भरत होता, त्याच्यावर करड्या गोळ्या जमत होत्या. तो झटकला, दुसरा घेतला. मग थिनरच्या फडक्यानं सगळं पुसून काढलं. थिनरच्या वासानं एक समाधान मिळतं, साफ झाल्याचं. ते समाधान खोटं होतं हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं, स्वतः वहीत लिहून ठेवलं होतं. माहीत असून केलं नाही, हे जास्त लागतं.

इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर. माझ्याकडं होतं त्यात मापानं दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर. ह्या मापात चालढकल चालत नाही. फायबरच्या टाक्या आणि मूर्ती करणारे कारागीर वापरतात ते पॉलिस्टर रेझिन वेगळं. त्यात लवकर आवळावं, म्हणजे घट्ट व्हावं, म्हणून थेंबभर जास्त टाकता येतं. इपॉक्सीत हार्डनर जास्त पडला तर तो जादाचा हार्डनर कुणाशी जोडलाच जात नाही, तसाच आत राहतो आणि थर कायमचा मऊ करतो. आता ह्या हार्डनरमध्ये अमाइन असतात. त्यांनी खरं तर रेझिनशी जोडलं जायचं. पण थर आवळेपर्यंत पृष्ठभागावरची काही अमाइन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला आणि ओलाव्याला जाऊन मिळतात. त्यातून वर एक मेणचट थर तयार होतो. हवा गार आणि दमट असली की तो जास्त येतो, म्हणजे कोल्हापूरचा जुलै त्याला अगदी मानवतो. कधी तो धुक्यासारखा पांढुरका दिसतो, कधी दिसतच नाही. इंग्रजीत त्याला ब्लश म्हणतात. आबांनी मेण म्हटलं ते मला जास्त पटतं. ह्या मेणाची खोड अशी की ते साध्या पाण्यात विरघळतं, थिनरला मात्र दाद देत नाही. थिनरनं पुसलं की ते इकडचं तिकडं पसरतं. आणि न धुता घासलं तर पॉलिश पेपर त्याला ओरखड्यांच्या आत दाबून बसवतो. ज्या ओरखड्यांना पुढचा थर धरणार, नेमक्या त्यांच्यातच मेण.

आबांना ह्यातलं रसायन माहीत नाही. त्यांना मेण माहीत आहे. उद्यमनगरात त्यांनी ४१ वर्षं पॅटर्न केले. ज्यांना फौंड्रीचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: लोखंडाचा कुठलाही ओतीव भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो वाळूत दाबून साचा काढतात. तो नमुना करणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. त्यासाठी आबांकडं वेगळीच पट्टी होती, तिच्यावरचा एक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा जरासा लांब. लहानपणी मी त्या पट्टीनं वहीत रेघा आखल्या आणि शाळेत माझं भूमितीचं चित्र चुकलं, तेव्हा आबांनी ती पट्टी माझ्या हातात देऊन पहिल्यांदा समजावलं की मापसुद्धा कामाप्रमाणं असतं. नमुन्याच्या आतल्या कोपऱ्यांना गोलाई देण्यासाठी ते मेणाची वळी बसवायचे, गरम केलेल्या गोल हत्यारानं दाबून. मोठ्या कामाला चामड्याची पट्टी. त्या गोलाईला फिलेट म्हणतात. ह्या मेणाच्या वळ्या मी त्यांच्या टेबलावरून चोरून वितळवायचे, म्हणून त्यांच्या बोटांचा तो वास मला पक्का आठवतो: मेण, सागाचा भुसा आणि चंद्रुसाचं पॉलिश.

आता मी करते त्या नावेतही फिलेटच आहे. मरीन प्लायचे, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचे, तक्ते कापून, कडेला भोकं पाडून, तांब्याच्या तारेनं एकमेकांना टाचायचे, गोधडीला टाके घालतात तसे. मग आतल्या सांध्यात रेझिन आणि लाकडाचा भुसा कालवून केलेला घट्ट लगदा भरायचा आणि त्याला चमच्याच्या पाठीनं गोलाई द्यायची. ही पद्धत काही आजची नाही. १९६३ साली इंग्लंडात मिरर नावाची छोटी शिडाची होडी निघाली, ती घराघरात अशीच तारेनं टाचून केली गेली. आबांनी माझा पहिला फिलेट बघितला तेव्हा ते कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन गंजलेल्या डब्यातून स्वतःचं ते गोल टोकाचं हत्यार आणलं आणि चमचा माझ्या हातातून काढून घेतला.

नाव कशासाठी, हे मला कंपनीत सगळे विचारतात. रंकाळ्यात फिरायला काय, असंही विचारतात. २०१९च्या ऑगस्टात बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा मामाच्या घरातली माणसं काहिलीतून बाहेर आली. गुऱ्हाळातली काहील, गूळ कढवायची. आमच्या नदीकाठच्या गावांना हे नवं नाही, जुनी माणसं पुरात काहीलच काढायची. पण काहिलीला पुढं नाही, मागं नाही. वल्हं मारलं की ती जागच्या जागी फिरते. मामी सांगते, पाण्याखाली कशाला तरी तिचं बूड घासलं, तो लोखंडाचा आवाज अजून तिच्या कानात आहे. तिच्या मांडीवर शेजारचं दीड वर्षाचं पोर होतं आणि पायाशी देव्हाऱ्यातले टाक पिशवीत बांधलेले. मी त्या दिवशी पाण्याच्या अलीकडच्या कडेला उभी होते. काहील गोल फिरत येत होती. एकदा मामीचं तोंड दिसायचं, एकदा पाठ. काहीही करता येत नव्हतं. दोन वर्षांनी, २०२१ला, परत तेच पाणी. त्या वेळी माणसं आधीच बाहेर पडली होती. तरी मी त्या पुरानंतर ठरवलं की मामाच्या अंगणात एक नाव असली पाहिजे, जिला पुढं आणि मागं आहे.

लाकडाला काच-कापड, म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड, आणि इपॉक्सी हा संसार समुद्रावरही टिकलेला आहे. नौदलाची म्हादेई ही शिडाची नौका गोव्यात दिवाडीवर बांधली गेली, तिच्या अंगातही लाकूड आहे आणि बाहेर काच-कापड न् रेझिन. २००९-१० साली दिलीप दोंदे तिच्यातून एकटे जगाला फेरी मारून आले. माझी नाव चौदा फुटांची. तिला पंचगंगेचं मळीचं, फांद्या आणि मेलेली जनावरं घेऊन येणारं पाणी पेलायचं आहे. प्लायवर आयएस ७१० ह्या भारतीय मानकाचा शिक्का आहे, म्हणजे त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी त्याचे पदर सुटायचे नाहीत. पण पदर सुटले नाहीत तरी लाकूड पाणी पितं, फुगतं आणि पुढं कुजतं. त्याला पाण्यापासून लांब ठेवतात ते वरचे हात. रंगारी थराला हात म्हणतात, पहिला हात, दुसरा हात, आणि मला कोट ह्या शब्दापेक्षा तोच बरोबर वाटतो.

आबांना इपॉक्सीबद्दल मी एकदा वाचून दाखवलं होतं. १९३०च्या दशकात पिअर कास्तां नावाच्या स्विस रसायनतज्ज्ञानं हे रेझिन शोधलं ते दातांच्या कामासाठी, कवळी करायला काही चांगलं मिळतंय का ह्या शोधात. कवळीसाठी ते चाललं नाही, पण चिकटवायला चाललं, आणि त्याच घराण्यातून अराल्डाइट आलं. आमच्या घरातल्या खुर्चीचा पाय, आईच्या मिक्सरचं झाकण, देवाच्या समईचा तुटलेला मोर, सगळं अराल्डाइटवर उभं आहे. आबा स्वतः कवळी लावतात. ते ऐकून त्यांनी कवळी काढून हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "मग हे आपल्याच जातीचं काम की."

तर त्या रविवारी मी दुसरा हात दिला. रेझिन कडेकडेनं जरा आकसल्यासारखं वाटलं, दोन-तीन ठिकाणी माशाच्या डोळ्याएवढे गोल उघडे राहिले. ब्रशनं परत परत झाकले. आबा स्टुलावर बसून होते. त्यांनी मधे एकदा विचारलं, "चढतंय का नीट?" मी म्हटलं, "चढतंय." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. दुपारी त्यांना घरी सोडून आले आणि सबंध आठवडा शेडकडं फिरकले नाही.

पुढच्या रविवारी तिसऱ्या हातासाठी घासायला घेतलं. डाव्या बाजूला एक थेंब ओघळून गोठला होता तो काढायला पत्री, म्हणजे खरवडायची पातळ पट्टी, लावली. पत्री थेंबाखाली गेली आणि पुढं जातच राहिली. हाताला काही जोरच लागेना. एक चिरर्र असा बारीक आवाज आला, आणि तळहाताएवढा पारदर्शक पापुद्रा माझ्या हातात आला. उकडलेल्या अंड्याच्या आतली साल निघते तसा. मी तो दारापाशी उजेडात धरला. वरची बाजू चमकत होती. खालची बाजू, जिनं आठवडाभर पहिल्या हाताला धरून ठेवल्याचं दाखवलं होतं, तीही तितकीच गुळगुळीत, आणि तिच्यावर दुधाळ धुकं. त्यात माझ्या १२० नंबरच्या पेपरचे ओरखडे उमटलेले दिसत होते, मेणानं भरलेले. मी तिथंच खाली बसले. पापुद्रा हातात तसाच होता, वाकवला तर वाकत होता, आणि वजन तर काहीच नव्हतं.

संध्याकाळी घरी गेले. आई भाकरी करत होती, आबा बातम्या ऐकत होते. पाणी ३२ फुटांवर उतरलं होतं, म्हणजे घाईचं कारणही उरलं नव्हतं. मी पापुद्रा त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवला. मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी धुतलं नव्हतं." टीव्हीवरचा आवाज चालूच होता. ते मला काय म्हणतील ह्याची मी तयारी करून गेले होते. त्यांनी विचारलं ते निराळंच.

"किती सोललं?"

"डाव्या बाजूचं हातभर."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं धरून हाय."

"धरून हाय, का धरल्यावानी दिसतंय?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी रोज कंपनीत शंभर नगांतले पाच तपासून बाकीच्या पंच्याण्णवांवर सही करते, आणि ते योग्यही आहे, कारण ते नग एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीनं झालेले असतात. पण इथं मीच जिथं जमेल तिथं जोरात घासलं होतं आणि जिथं कंटाळा आला तिथं नुसता हात फिरवला होता. कुठं काय केलं हे मलाच सांगता येत नव्हतं. आबांनी पापुद्रा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "सगळंच काढ." आईनं तव्यावरची भाकरी उलटली. नंतर जेवताना त्या विषयावर कुणी बोललं नाही. पण आबांनी ताटातली मधली, फुगलेली भाकरी उचलून माझ्या ताटात ठेवली. मला ती गिळेना.

काढायला तीन रविवार गेले. काही ठिकाणी थर पदराच्या पदरानं सुटला, एका बोटानं. काही ठिकाणी इतका घट्ट बसला होता की पत्रीला दर पाच मिनिटांनी धार लावावी लागली, आणि तो काढताना वाईट वाटायचं, कारण तो तुकडा खराच धरून होता. पण दोहोंमधली सीमा कुठं हे वरून कळत नव्हतं. धुळीसाठी तोंडाला जाड फिल्टरचा मास्क, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्यांचा आबांचा जुना शर्ट. पुरतं न आवळलेल्या इपॉक्सीची धूळ वाईट. माझ्या मनगटांवर पुरळ उठलं ते अजून पावसाळा आला की खाजतं. हे अंगाला एकदा लागलं की पुढं थोड्याशानंही उठतं, म्हणून जे कुणी हे काम करतात त्यांना मी हात जोडून सांगते, हातमोजे घाला आणि अंगावर पडलेलं रेझिन थिनरनं पुसू नका, थिनर ते कातडीच्या आत नेतो. साबण आणि पाणी.

मग धुणं. ते मी आता इतकं मन लावून करते की सांगायला लाज वाटत नाही. एक बादली धुवायची, एक खळबळायची. स्वयंपाकघरातली हिरवी घासणी, नवी, कारण जुनीत खरकट्याचं तेल असतं आणि तेलावर इपॉक्सी तोंड फिरवतं. हात दोन हात जागा घ्यायची, ओल्या घासणीनं गोल गोल घासायची, आणि ते पाणी तिथंच वाळू न देता लगेच फडक्यानं टिपायचं, नाहीतर विरघळलेलं मेण परत तिथंच बसतं. फडकं दर वेळी नव्या घडीचं. आईनं तिची दोन विटकी सुती पातळं फाडून दिली. त्यातलं निळं मी शाळेत असताना ती गॅदरिंगला नेसायची. धुताना सुरुवातीला बोटांखाली बुळबुळीत लागतं, साबण नसतानाही साबणासारखं. मग एका क्षणी घासणीचा आवाज बदलतो. आधी मऊ सर्र सर्र असतो, मग कोरडा, किरकिरणारा होतो. मेण गेलं हे मला डोळ्यांआधी त्या आवाजानं कळतं. शेवटी तांब्याभर पाणी वरून सोडायचं. जागा साफ नसेल तर पाणी फुटतं, अळूच्या पानावर पडल्यासारखे त्याचे थेंब होतात. साफ असेल तर ते अखंड पसरतं, पातळ चादरीसारखं, आणि तसंच खाली उतरतं. पहिल्यांदा पाणी न फुटता बुडावरून कडेपर्यंत गेलं तेव्हा मी ते परत ओतून बघितलं. मग अजून एकदा.

त्याच्यानंतर ८० नंबरचा पेपर, १२०पेक्षा खरबरीत. इथं माझं आणि आबांचं वाजलं. त्यांचं आयुष्य गुळगुळीत करण्यात गेलं. पॅटर्नला वाळू चिकटता कामा नये. तो वाळूतून उचलताना साचा न मोडता सुटून आला पाहिजे. म्हणून ८०वरून १२०, १२०वरून २२०, मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं, मग परत घासणं, मग पॉलिश, आणि वर शंखजिऱ्याची पूड. सुटावं ह्यासाठी सगळी मेहनत. त्यांना ८०चे ओरखडे बघवेनात. बघवेनात म्हणजे बोटांना सोसवेनात. "हे काय खरबरीत ठेवलंयस, पुढं घे की." मी त्यांना समजावलं की इथं उलट आहे, पुढच्या हाताला धरायला जागा पाहिजे, रंगाच्या आधी मी १८०पर्यंत जाईन, पण दोन हातांच्या मधे ८०च बरा. ते बराच वेळ हात तिथंच ठेवून उभे होते. त्यांनी ४१ वर्षांत कुठलीच वस्तू धरून ठेवण्यासाठी घासली नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. मग त्यांनी विचारलं, "सगळीकडं सारखं खरबरीत पाहिजे न्हवं?" मी म्हटलं, "सगळीकडं. चमकता ठिपका एकसुद्धा नको." "मग पेन्सिल आण."

हे त्यांनी मला शिकवलं, कुठल्याही पुस्तकाच्या आधी. सुताराची जाड पेन्सिल घेऊन सबंध बुडावर आडव्या-तिडव्या रेघा मारायच्या. मग लांब लाकडी ठोकळ्याला पेपर लावून घासायचं, एकाच जागी नाही, लांब लांब, तिरक्या रेषेत, आधी एकीकडून मग दुसरीकडून. जिथं रेघ गेली तिथं पेपर पोचला. जिथं राहिली तिथं खोलगा आहे, तिथं ठोकळा पूल बांधून वरून गेला. नुसत्या बोटांनी पेपर धरला तर बोटं खोलग्यात उतरतात आणि तो अजून खोल करतात. आबा माझ्या मागं उभे राहून ठोकळ्यावरच्या माझ्या हातांवर त्यांचे हात ठेवायचे आणि जोर कमी करायला लावायचे. "तू नगं दाबूस. पेपरला काम करू दे." त्यांचे तळवे अजून जड आहेत. धूळ पांढरी आणि कोरडी पडत होती, पिठासारखी, पेपर भरत नव्हता. शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि आम्ही दोघं काही न बोलता एका तालात पुढं-मागं होत होतो. मी पस्तिशी ओलांडलेली बाई, आणि मला त्या अर्ध्या तासात दुसरीत असल्यासारखं वाटत होतं. हे काम आता कधी कुणाला दिसणार नाही, त्याच्यावर दोन हात इपॉक्सी आणि वर रंग चढणार, कारण उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं आणि पिठाळतं, त्याला उघडं ठेवताच येत नाही. तरी आबा दहा-दहा मिनिटं एकेका वितीवर घालवत होते.

ऑगस्टातला दुसरा रविवार. धुवून झालं होतं, घासून झालं होतं, ओल्या फडक्यानं धूळ टिपून झाली होती. सकाळी ऊन पडलं होतं, पंखा लावून बुड कोरडं केलं होतं. रेझिन आणि हार्डनर मापून दोन डब्यांत वेगळे ठेवले होते, एकत्र केले नव्हते. नव्या ब्रशचे सुटे केस चिकटपट्टीनं ओढून काढले होते. पाणी परत चढायला लागलं होतं, ३७ फूट. मामाचा फोन येऊन गेला होता. त्यानं काही विचारलं नाही, नुसतं पाणी कुठवर आलंय ते सांगितलं.

मी म्हटलं, "आबा, जरा बघता काय."

ते स्टुलावरून उठले. मळका हात लागू नये म्हणून नळावर जाऊन साबणानं हात धुतले, पातळाच्या फडक्याला कोरडे केले. पुढच्या टोकाशी तळवा ठेवला. "धुतलंस?"

"धुतलं."

त्यांनी मान हलवली आणि तरीही तळवा मागे मागे नेत राहिले, सगळी चौदा फुटं, मग पलीकडच्या बाजूनं परत पुढं. डाव्या बाजूला, जिथं पहिल्यांदा सोललं होतं, तिथं दोनदा फिरवला. शेवटी बोटं एकमेकांवर घासली. काही म्हणाले नाहीत. मी डबा उचलला.

"थांब," ते म्हणाले. दाराकडं तोंड करून त्यांनी नाक वर केलं. बाहेर ऊन होतंच, पण गल्लीतल्या चिंचेची पानं हलायची थांबली होती. "पन्हाळ्याकडनं येतंय. तासात भरून येईल. आज नगं."

मी भिंतीवरच्या यंत्राकडं बघितलं. ७८ होतं. सकाळी ६९ होतं. डब्यांवर झाकणं बसवली, चिकटपट्टीनं आवळली. नावेवर टाकायचा प्लॅस्टिकचा मोठा कागद मी एका टोकाला धरला, आबांनी दुसऱ्या टोकाला. बुडाला कागद चिकटू नये म्हणून मधे तीन कामट्या आडव्या ठेवल्या. मग आम्ही दारात बसलो. त्यांनी खिशातून शेंगदाणे काढून अर्धे माझ्या हातात ओतले. पाऊस आला तेव्हा सव्वाअकरा झाले होते.